लेफ्टनंटसाहेबांचे वसतिगृह

टेक्सासच्या नैऋत्य कडेला, मेक्सिकोच्या सीमेला खेटून डेल रिओ नावाचे गाव आहे. नदी ओलांडली की मेक्सिकोचे सिउदाद अकुन्या. नदीच्या अलीकडच्या बाजूला मात्र मोठे म्हणावे असे शहर गाठायचे तर सॅन अँटोनिओपर्यंत अडीचशेएक किलोमीटर गाडी हाकावी लागते. या गावाच्या पूर्वेला लाफलिन हा अमेरिकी हवाई दलाचा तळ आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची छायाचित्रे आकाशातून टिपणारे यू-२ विमानांचे वैमानिक याच तळावरच्या विंगचे होते. आता तिथे हेरगिरी होत नाही, तिथे वैमानिक घडवले जातात. पहाटेपासून टी-६ आणि टी-३८ विमानांची घरघर सुरू होते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला तरी थांबत नाही.

इथे येणारा विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचा असतो, पण कॅडेट नसतो. खांद्यावर सेकंड लेफ्टनंटची पट्टी लागलेली असते, राष्ट्राध्यक्षांच्या नावाने कमिशन मिळालेले असते. २०२५ च्या वेतनश्रेणीनुसार त्याचा मूळ पगार महिना सुमारे चार हजार डॉलर. पहिल्या काही महिन्यांतच सरकार त्याच्या ताब्यात ११०० अश्वशक्तीचे इंजिन असलेले विमान देते आणि ‘आता एकटा जा’ म्हणते. पहिले एकट्याचे उड्डाण करून तो उतरला की मित्र त्याला उचलून पाण्याच्या टाकीत फेकतात. ही जुनी प्रथा आहे आणि तिच्यातून कोणी सुटत नाही.

एवढा विश्वास टाकणारे सरकार एका बाबतीत मात्र हात आखडते. विद्यार्थी अविवाहित असेल, तर त्याने कुठे राहायचे हे तो ठरवत नाही. लाफलिनवर, ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावर आणि अशाच काही प्रशिक्षण तळांवर नियम सरळ आहे: तळावरच्या वसतिगृहात खोली शिल्लक असेल, तर तिथेच राहायचे.

‘राहा की फुकट!’ असे कोणी म्हणेल. पण इथे फुकट काही नाही. अमेरिकी सैन्यात ज्याला सरकारी निवास मिळत नाही त्याला घरभाडे भत्ता मिळतो. त्या भत्त्याची रक्कम हुद्दा, गावातले भाड्याचे दर आणि कुटुंब आहे की नाही, यावर ठरते. भत्त्यावर प्राप्तिकर नाही. दोघा-तिघांनी मिळून एखादे घर भाड्याने घेतले, तर भाडे भागवून हातात पैसे उरतात आणि शिक्षणाचे कर्ज डोक्यावर असलेल्या तरुणाला ते हवेच असतात. सरकारी खोली मिळाली की हा भत्ता बंद. जेवणाचा भत्ता चालू राहतो, म्हणजे खोली सरकारची आणि स्वयंपाक ज्याचा त्याचा. त्यामुळे वसतिगृह भरले आहे आणि जागा नाही, असा दाखला हाती पडणे ही या मुलांच्या दृष्टीने बक्षिसी असते.

गंमत म्हणजे कायदा वरकरणी त्यांच्याच बाजूने बोलतो. अमेरिकी संहितेच्या ३७ व्या शीर्षकातले कलम ४०३ सांगते की ई-६ या वेतनश्रेणीच्या वरचा, कुटुंब नसलेला सैनिक सरकारी खोली नाकारून भत्ता घेऊ शकतो. लेफ्टनंट त्या रेषेच्या वरच आहे. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे. अशी निवड दिल्याने प्रशिक्षणाचे काम, लष्करी शिस्त किंवा युद्धसज्जता यांना बाधा येईल असे संबंधित दलाच्या सचिवाला वाटले, तर तो हा हक्क नाकारू शकतो. तीन कारणांत प्रशिक्षणाचा क्रमांक पहिला आहे आणि लाफलिन-व्हान्सच्या नियमाला आधार नेमका तिथे सापडतो.

बाधा येते कशी, हे समजायला या विद्यार्थ्याचा दिवस पाहावा लागतो. दिवसाचे बारा तास तो कामावर असतो. सकाळची सुरुवात वर्गातल्या सामूहिक बैठकीने होते. प्रशिक्षक कोणाचे तरी नाव घेतो आणि एक संकट त्याच्यापुढे टाकतो: उड्डाण करून नुकताच वर आला आहेस, इंजिनमध्ये आगीचा दिवा लागला, बोल. उभे राहायचे, विमान आपल्याच हातात आहे असे समजून एकेक कृती सांगायची. काही कृती शब्दशः पाठ असाव्या लागतात, तिथे एक शब्द पुढेमागे झालेला चालत नाही. चुकले तर ‘बस खाली’ एवढेच ऐकू येते आणि त्या दिवशीचे उड्डाण रद्द होते. त्यानंतर उड्डाण, उड्डाणानंतर त्याची चिरफाड, सिम्युलेटर, परीक्षा. सुरुवातीच्या काळात दिवसाचे काम संपले तरी प्रशिक्षकांनी मोकळे केल्याशिवाय इमारत सोडता येत नाही. एका आठवड्यात पहाटे पाचच्या आधी हजेरी, तर पुढच्या आठवड्यात दुपारी येऊन रात्री उशिरा सुटणे. शरीराचे घड्याळ जुळते न जुळते तोच ते पुन्हा फिरवायचे.

उरतात बारा तास. हवाई दलाच्या नियमाप्रमाणे उड्डाणाच्या कामावर येण्याआधी वैमानिकाला बारा तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे आणि तिच्यात सलग आठ तास झोपेची संधी असलीच पाहिजे. मध्ये कामासाठी बोलावून ही झोप मोडली, तर झोपेचे आठ तास पुन्हा शून्यापासून. उड्डाणाच्या बारा तास आधीपासून दारूही बंद. हे सगळे ठीक वाटते, पण त्या बारा तासांत जेवण आणि येण्याजाण्याचा वेळही धरलेला आहे. आठ तास झोप काढून टाकली तर चार उरतात. त्या चारांत स्वयंपाक, आंघोळ, कपडे, उद्याच्या उड्डाणाचा अभ्यास, आईला फोन, आणि राहिलाच वेळ तर प्रवास. तळावरचे अधिकारी हा हिशेब मांडतात तेव्हा त्याला तोड नसते.

झोप आणि राहते घर यांचा संबंध हवाई जगात किती जीवघेणा ठरू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेने पाहिलेले आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान बफेलोजवळ कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. विमानाचा वेग घटला तेव्हा कॅप्टनने उलटी कृती केली, हे अपघाताचे कारण. पण चौकशीत आणखी काही पुढे आले. सहवैमानिक आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रात्रभर विमाने बदलत कामाच्या तळावर, नेवार्कला पोचली होती. कॅप्टनने एक रात्र विमानतळावरच्या कर्मचारी कक्षात काढली होती. दोघांची कार्यक्षमता थकव्यामुळे घटली असावी, असे चौकशी मंडळाने नोंदवले. तुटपुंज्या पगारात नेवार्कजवळ घर परवडत नाही, म्हणून वैमानिक आई-वडिलांच्या घरी राहतात आणि तिथून कामावर उडत येतात, ही गोष्ट सामान्य प्रवाशांना तेव्हा पहिल्यांदा कळली. विश्रांतीचे नियम नंतर कडक झाले, पण कोणी कुठे राहावे याला नागरी नियमांनी हात लावला नाही.

इथवर तळाची बाजू भक्कम दिसते. आता नकाशा काढू. डेल रिओतून लाफलिनच्या फाटकापर्यंत दहा-पंधरा मिनिटे लागतात. व्हान्स तर ईनिड या गव्हाच्या गावाच्या दक्षिण कडेलाच आहे. ईनिडची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि वाहतूक खोळंबलीच तर ती गव्हाने भरलेल्या ट्रकांमुळे. मुंबईत डोंबिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाने हे अंतर ऐकले तर तो हसेल. प्रवासाने झोप खाल्ली, हा युक्तिवाद इथे फार तर अर्ध्या तासाचा आहे.

शिवाय नियमातून सुटका कोणाची? विवाहितांची. त्याच वर्गातला, त्याच पहाटेच्या हजेरीचा, तीच कृती पाठ करणारा लेफ्टनंट विवाहित असेल तर भत्ता घेऊन गावात राहतो. घरी तीन महिन्यांचे मूल असेल तर त्याच्या आठ तासांचे काय होते, हे कुठल्याही आई-बापाला विचारावे. झोपेच्या नावाने केलेला नियम ज्याची झोप सगळ्यात जास्त मोडते त्यालाच वगळतो. अर्थात कुटुंबाला वसतिगृहात कोंबता येत नाही, हे खरेच. पण मग झोप हे कारण पहिल्या क्रमांकाचे राहत नाही.

त्याहून अडचणीचा पुरावा अमेरिकेच्याच नौदलाने ठेवला आहे. फ्लोरिडात मिल्टन गावाजवळ व्हायटिंग फील्ड आहे. नौदलाचे वैमानिक तिथे त्याच टी-६ विमानाच्या भावंडावर शिकतात. वय तेच, हुद्दा तोच, नापास होण्याची भीतीही तीच. यातले बहुतेक जण तळाबाहेर राहतात. चार-पाच जण मिळून घर घेतात, शक्य झाले तर पेन्साकोलाच्या समुद्रकिनाऱ्याकडे, आणि अशा घरांना नौदलात ‘स्नेक रँच’ हे खास नाव आहे. तिथे काय चालत असेल याची कल्पना नावावरूनच येते. भूदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक अलाबामातल्या फोर्ट रकर इथे शिकतात आणि आसपासच्या एंटरप्राइझ, डेलव्हिल, डोथन या गावांत भाड्याने राहतात. बाहेर राहिल्याने प्रशिक्षण बिघडते असे असते, तर नौदलाची विमाने विमानवाहू जहाजावर कशी उतरली असती?

हा प्रश्न मुळात उभा कधी राहिला, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे बहुसंख्य वैमानिक ‘एव्हिएशन कॅडेट’ म्हणून शिकले. कॅडेट बराकीत राहायचा, घंटेवर उठायचा, कमिशन आणि विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, त्याला एकदमच मिळायचे. घरभाड्याचा विषयच नव्हता. या योजनेतला शेवटचा वैमानिक कॅडेट १९६१ मध्ये बाहेर पडला आणि १९६५ मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. त्यानंतर आधी अधिकारी, मग विद्यार्थी असा क्रम रूढ झाला. अधिकाऱ्याचे हक्क आणि विद्यार्थ्याची दिनचर्या एकाच माणसाच्या वाट्याला आली. आजची कुरकुर या जोडकामातली आहे.

भारतात ही फट नाही, कारण आपला क्रम अजून जुनाच आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे काढून हवाई दलाचा छात्र हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत जातो. तिथे तो फ्लाइट कॅडेट असतो आणि दीक्षान्त संचलनानंतर फ्लाइंग ऑफिसर होतो. बाहेर खोली घेऊ का, असे विचारायचा तो विचारही करत नाही.

मग लाफलिनचा नियम टिकून का आहे? एक कारण खोल्यांचे. हवाई दलाने या तळांवर विद्यार्थ्यांसाठी इमारती बांधल्या, नौदलाकडे व्हायटिंगला तेवढी जागा नाही. बांधलेली इमारत रिकामी ठेवायची आणि वर तिच्यात राहू शकणाऱ्या माणसाला गावात राहण्याचा भत्ता द्यायचा, हे कुठल्याही हिशेबनिसाला पटणार नाही. या कारणाचा उल्लेख झोपेच्या मानाने कमी होतो, पण ‘खोली शिल्लक असेल तर’ ही अट बोलकी आहे. झोप इतकी महत्त्वाची असती, तर खोल्या संपल्यावर ती अचानक बिनमहत्त्वाची झाली नसती.

दुसरे कारण मात्र खरे प्रशिक्षणाचे आहे आणि ते मिनिटांत मोजता येत नाही. संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत खुर्ची टाकून एखादा डोळे मिटून बसतो, हातात काल्पनिक दांडा, पाय काल्पनिक पेडलवर, आणि उद्याचे उड्डाण मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत उडवतो. शेजारचा हातात वही घेऊन त्याच्या चुका काढतो. या अभ्यासाला तिथे ‘चेअर फ्लाइंग’ म्हणतात आणि तो जोडीने जसा होतो तसा एकट्याने होत नाही. ज्याचे एखादे उड्डाण फसले आहे, पुन्हा फसले तर गाशा गुंडाळावा लागेल अशी वेळ आली आहे, त्याला रात्री नऊ वाजता दार ठोठावायला चार दारे असणे फार मोलाचे. लाफलिनसारख्या आडगावी तर जास्तच.

घरमालक आणि साहेब एकच असण्यात धोका आहे, तोही लपवण्यासारखा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सैन्याच्या बराकींवर अहवाल दिला. दहा तळांना भेटी दिलेल्या त्याच्या पथकाला बुरशी, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रे, किडे आणि सांडपाण्याच्या तक्रारी सापडल्या. तो अहवाल मुख्यतः कनिष्ठ सैनिकांच्या निवासांचा होता, वैमानिकांच्या वसतिगृहांचा नव्हता. पण खोलीला ओल आली तर गावातला भाडेकरू दुसरे घर बघतो. तळावरच्या भाडेकरूला, मग तो लेफ्टनंट का असेना, आधी परवानगी बघावी लागते.

विंग्ज मिळाल्यावर या वैमानिकाच्या मागे दहा वर्षांच्या सेवेचे बंधन लागते आणि खोलीचे बंधन बहुतेक वेळा सुटते. पुढच्या नेमणुकीच्या गावात तो भत्ता घेऊन हवे तिथे राहतो. प्रशिक्षणाचा साचाही बदलतो आहे. वर्षाला १५०० नवे वैमानिक हे हवाई दलाचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे गाठले जात नाही, विमाने जुनी आहेत, टी-३८ तर १९६१ पासून सेवेत आहे. म्हणून अलीकडे काही विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या उड्डाणासाठी नागरी उड्डाणशाळांत पाठवले जाऊ लागले आहे. तिथे तळ नाही, फाटक नाही आणि सक्तीने राहायला सरकारी वसतिगृहही नाही.