खांब नसलेले दालन आणि किहीमचा व्यापारी

किहीम-चोंढी भागातील आपले बांधव कुणी पांढरा कांदा विकतात, कुणी सुकी मासळी, कुणी पर्यटकांना खोल्या देतात. मुंबईच्या एखाद्या मोठ्या प्रदर्शनात गाळा घ्यावा काय, असे अनेकांच्या मनात येते. त्यासाठी ही केंद्रे कशी बांधलेली असतात, ते आधी समजून घ्यावे.

कफ परेडचे वर्ल्ड ट्रेड सेंटर विश्वेश्वरय्यांच्या नावाने १९७० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे. जागा मोक्याची, पण शहराच्या टोकाला. माल नेणे जिकिरीचे. पुढे गोरेगावला नेस्को कंपनीने आपल्या कारखान्याच्या आवारात प्रदर्शन केंद्र उभारले. तेथील दालने इतकी मोकळी व सपाट, की २०२० मध्ये कोरोनाच्या रुग्णांसाठी तिथेच खाटा मांडल्या गेल्या. मार्च २०२२ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर सुरू झाले. त्याची तीन प्रदर्शन दालने मिळून सुमारे १ लाख ६१ हजार चौरस फुटांची आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन याच केंद्रात भरले.

अशा दालनात मधे खांब नको असतात. दर प्रदर्शनाला गाळ्यांचा नकाशा नव्याने आखला जातो. मधे खांब आला की रांग तुटते आणि त्यामागचा गाळा गिऱ्हाइकाला दिसत नाही. छताचा भार मग लांब पल्ल्याच्या पोलादी तुळयांवर घ्यावा लागतो, आणि हा खर्च अखेर भाड्यात उतरतो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गाळा केंद्राचा मालक देत नाही. आयोजक दालन घेतो व चौरस मीटरच्या दराने जागा विकतो. नुसती जमीन घेतली तर मांडणी आपली. पडदी, टेबल, दिवे यांसह तयार गाळा घेतला तर दर जास्त. दोन बाजूंनी उघडा कोपऱ्याचा गाळा बहुधा आणखी महाग. वीज वेगळी लागते काय, हे लेखी विचारावे. सुकी मासळी बंद वातानुकूलित दालनात चालेल काय, हेही पैसे भरण्यापूर्वीच विचारावे.

माल नेण्याची अडचण मात्र कमी झाली आहे. २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो बोटीने वाहनासह जाता येते.

तरीही चार दिवसांच्या गाळ्यासाठी व्याजी कर्ज काढणे आम्हांला पटत नाही. घरातील स्त्रिया बचत गटात असतील तर सरकारच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाची चौकशी अलिबागला जिल्हा परिषदेत करावी. ते वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावरही भरले आहे, मंडपात.