काढणीनंतर फळांना होणारी यांत्रिक इजा : स्वरूप व ओळख

प्रस्तावना
दुकानात फळ डागाळलेले आढळले की दोष विक्रेत्याला दिला जातो. वस्तुतः मार काढणीच्या वेळी, पेटी भरताना किंवा ट्रकच्या हादऱ्यांत लागलेला असू शकतो. इजा आधी होते, डाग नंतर दिसतो. नुकसान कोणी सोसावे हा प्रश्न या अंतरातूनच निर्माण होतो. प्रस्तुत लेखात सफरचंदाच्या उदाहरणाने या इजेचा विचार केला आहे.

इजेचे स्वरूप
इजेची मुख्य कारणे तीन : आघात, दाब व घर्षण. आघाताने साल शाबूत राहूनही आतील पेशी फुटतात. पेशीच्या रिक्तिकेतील फिनॉल संयुगे व लवकांतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एरवी वेगळे असतात. पेशी फुटताच ते एकत्र येतात आणि ऑक्सिजनच्या सान्निध्यात तपकिरी रंगद्रव्य तयार होते. डाग स्पष्ट होण्यास काही तास लागतात. दरम्यान फळाचा श्वसनवेगही वाढतो.

ओळखण्याच्या पद्धती
१) निकट-अवरक्त प्रकाश : फुटलेल्या पेशींतील रस पेशींमधील हवेच्या पोकळ्यांत शिरतो. त्यामुळे तेथून प्रकाश कमी परत येतो व डोळ्याला न दिसणारा ताजा मारही कॅमेऱ्यात गडद दिसतो.
२) उष्णता-चित्रण : फळ गरम किंवा थंड होत असताना मार लागलेल्या भागाचे तापमान वेगळ्या गतीने बदलते. तापमान स्थिर झाल्यावर हा फरक दिसत नाही.
३) कृत्रिम फळ : त्वरणमापक बसवलेला गोळा खऱ्या फळांबरोबर प्रतवारी यंत्रातून सोडतात. कोणत्या टप्प्यावर किती धक्का बसला याची नोंद त्यात मिळते.

वर्गातील प्रयोग
सुमारे २०० ग्रॅम वजनाची, एकाच जातीची सहा सफरचंदे घ्यावीत. दोन तशीच ठेवावीत, दोन २५ सेंमी व दोन ५० सेंमी उंचीवरून फरशीवर सोडावीत. पहिल्या उसळीनंतर फळ झेलावे व आपटलेल्या जागी खूण करावी. ५० सेंमीवरून पडताना ऊर्जा ०.२ × ९.८ × ०.५ = ०.९८ ज्यूल होते. प्रत्येक जोडीतील एक फळ लगेच व दुसरे २४ तासांनी खुणेवर कापून डागाची रुंदी मोजावी. मोजणी कापल्याबरोबर करावी, कारण कापलेला गरही हवेत तपकिरी होतो.

निष्कर्ष
लगेच कापलेल्या व दुसऱ्या दिवशी कापलेल्या फळांतील फरक विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवावा. डाग दिसला तेथेच इजा झाली असे मानणे किती फसवे असते, हे त्यातून त्यांच्या ध्यानी येईल.