गिऱ्हाईक आणि पुस्तक

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे वैनगंगेच्या पाण्याखाली अनेकांची शेती गेली. अशा घरच्या मुलाने नागपुरात शिकताना तर्री-पोह्यांच्या दुकानी काम धरले, तर त्यात कमीपणा कसला? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यास कॉलेज काढले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावरच.

गिऱ्हाईक घाईत असते. त्याचे नीट ऐकायचे, हिशेब चुकू द्यायचा नाही, ते रागावले तरी आवाज चढवायचा नाही. हीच शिस्त पुढे शिक्षकाला, कारकुनाला कामी येते.

मात्र परीक्षेची सुटी मालकाशी आधीच ठरवावी, फीचे पैसे पगारादिवशीच बाजूला काढावेत. नाहीतर गल्ला सांभाळता सांभाळता पुस्तक मिटते. गुरुजी, मुलाला एवढेच विचारा: बाबा रे, हे काम कशासाठी धरलेस?