डोळा हललाच, तर?

गेल्या महिन्यात आम्ही अम्मींना डोळे तपासायला नेले. त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, म्हणून डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा ओसीटी स्कॅन सांगितला होता. हनुवटी टेकवायची आणि आतल्या खुणेकडे पाहायचे, एवढेच काम. पण मशीनवरच्या मुलाला घाई. ‘मावशी, डोळा हलवू नका!’ असे त्याने चार वेळा दरडावले. अम्मी बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन. ‘डोळा काय माझ्या हुकमात आहे? माझ्यामुळे फोटो बिघडला,’ म्हणाल्या, आणि पुन्हा यायचे नाही असे ठरवूनच टाकले.

आम्हाला धास्ती वाटली ती याचीच. शुगरमुळे पडद्याला होणारी इजा सुरुवातीला दुखत नाही, दिसण्यातही फरक पडत नाही. तपासणी टाळली तर कळेपर्यंत उशीर होतो.

अम्मींचे म्हणणे मात्र खरे आहे. एका बिंदूकडे टक लावून पाहतानाही डोळा बारीक थरथरतो, हळूच सरकतो आणि मधूनच छोटी उडी घेतो. हा दोष नव्हे. 1950 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकांनी कॉन्टॅक्ट लेन्सवर इवलासा आरसा बसवून, डोळ्याबरोबरच चित्रही हलेल अशी सोय केली. चित्र पडद्यावर एकाच जागी खिळले आणि थोड्याच सेकंदांत पाहणाऱ्याला ते पुसट होऊन दिसेनासे झाले!

फोटो काढणाऱ्यांना मात्र ही थरथर नकोशी. ओसीटीचे तंत्र 1991 साली जगासमोर आले. त्यात प्रकाशाचा झोत पडदा रेघ-रेघ करून टिपतो, आणि तेवढ्यात डोळा सरकला की चित्र तुटते. आता बरीच मशीन डोळ्याच्या मागे-मागे फिरतात. एकाच जागेची अनेक चित्रे घेऊन, ती जुळवून एक स्वच्छ चित्र बनवतात.

पण खरी गंमत पुढे आहे. जुन्या घराची जाळीदार खिडकी आठवा. स्थिर उभे राहिलो तर फक्त भोकांतून दिसेल तेवढेच दिसते. डोके जरा इकडे-तिकडे केले की पट्ट्यांमागचेही दिसू लागते. कॅमेऱ्याचे ठिपके म्हणजे अशीच जाळी. डोळा थरथरला की प्रत्येक चित्रात पडदा केसभर सरकलेला असतो. कुठले चित्र किती सरकले हे संगणकाने मोजले आणि सगळी योग्य जागी बसवली, की एकट्या चित्रात न मावणारे बारकावे मिळू शकतात. हात थरथरतो म्हणून काही मोबाइल झूमचे फोटो अधिक बारीक काढतात, तेही याच युक्तीने.

अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स हे तंत्र खगोलशास्त्रातून आले. 1997 मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डेव्हिड विल्यम्स यांच्या गटाने त्याच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या पडद्यावरच्या एकेक पेशी टिपल्या. अशी यंत्रे अजून मुख्यतः संशोधनासाठीच वापरतात, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ती शोधू नका.

अम्मींनी सगळे ऐकले आणि विचारले, ‘मग तो मुलगा ओरडला कशाला?’ नजर खुणेवरून पार भलतीकडे गेली तर चित्र वाया जाते, हे आम्ही सांगितले. म्हणून खूण दिसत नसेल तर तसे लगेच सांगावे. डोळे कोरडे पडले तर थांबवून पापणी मिटावी. थेंब घातले असतील तर काही तास धूसर दिसते. येताना घरातले कोणी सोबत असावे, स्कूटर स्वतः चालवू नये.

पुढची तारीख अम्मींनी कॅलेंडरवर लिहायला लावली आहे.