मालवण : रापणीतला वाटा

शनिवारी सकाळी देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटात गेलं की आपल्यापैकी चार-दोन चेहरे हमखास भेटतात. 'कनाद' म्हणून मांडलेली सुरमई आपण कल्ले उचलून बघतो, घासाघीस करतो आणि घरी आल्यावर म्हणतो, "मासा ताजा आहे हो, पण मालवणची चव नाही." गेली अठरा वर्षं मीही हेच म्हणत आलो. गेल्या डिसेंबरात शाळेच्या सुट्टीत बारा वर्षांच्या लेकीला घेऊन दहा दिवस गावी राहिलो आणि ती चव कोणाच्या जिवावर आपल्या ताटात येते, ते पहिल्यांदा नीट पाहिलं.

मालवण तसं लहान गाव. बाजारपेठेचा अरुंद रस्ता थेट बंदरावर जातो आणि समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. आज जेटीवर किल्ला बघायला येणाऱ्यांची आणि स्कूबा डायव्हिंगवाल्यांची गर्दी असते. पण गावाचं पोट चालत आलं ते मासळीवर. दांडी, धुरीवाडा, वायरी, चिवला या किनाऱ्यांवर गाबीत समाजाची वस्ती. आमचं घरही तिथलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका आम्हाला रापणीवर घेऊन गेले. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोरीचं एक टोक वाळूत धरून ठेवतात. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. इंजिन नाही, यंत्र नाही. सगळं काम हातांचं. जाळं जवळ येईल तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात. शेवटी वाळूवर चकाकतो तो बांगडा, पेडवा, तारली, क्वचित एखादी सुरमई. विक्री झाली की जाळ्याचा, होडीचा आणि माणसांचा असे वाटे पडतात.

लेकीनेही दोरी धरली. तळहात लाल झाले तरी सोडली नाही. वाटे पडताना ती बाजूला उभी राहिली, तर काकांनी हाक मारली, "चेडवाक वाटो द्या रे! हात लावल्यान, मगे वाटो गावतलोच!" पाच बांगडे हातात आले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्या बांगड्यांचं काकीने तिखलं केलं. ओलं खोबरं आणि लाल मिरची पाट्यावर वाटलेली, ठेचलेली तिरफळं आणि चार आमसुलं. फोडणी नाही. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. पिझ्झ्यावर वाढलेल्या मुलीने काटे चोखून खाल्ले.

त्या रात्री पडवीत चुलतभावाने विषय काढला. "दादा, थंय माका खंय चिकटवशीत?"

मी काकांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत राहिले.

भावाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रापणीला दोन्ही दोऱ्यांवर मिळून चाळीस-पन्नास माणसं लागतात, ती आता जमत नाहीत. दहा दिवसांत चार वेळा जाळं जेमतेम दोन टोपल्या घेऊन आलं. बाहेर मोठे ट्रॉलर आणि पर्ससीनवाले झुंडीच्या झुंडी उचलतात. किनाऱ्याशी यायला मासा उरतोच किती? कायदे नाहीत असं नाही. राज्याचा सागरी मासेमारी कायदा 1981 चा आहे. 2016 मध्ये पर्ससीनवर मर्यादा आल्या, 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली, 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. तरी रात्री पडवीतून पाहिलं तर क्षितिजावर दिव्यांची रांग दिसत होती. त्यात 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाने आमची होडी फोडली. तिच्या दुरुस्तीचं कर्ज अजून फिटतंय.

मी स्वतः पंचविसाव्या वर्षी दोरी सोडून विमानात बसलो. त्याला 'थांब' म्हणायचा मला काय अधिकार? आणि 'ये' म्हणालो, तर काकांच्या मागे दोरीवर कोण? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "दर्या खंय जाणा नाय. माणसां जातत." आणि उठून आत गेले.

निघताना भावाचे कागद मी बॅगेत घेतले. दोन ठिकाणी दिलेही. एका ठिकाणाहून जुलैत बोलावणं आलं. त्याने फोनवर सांगितलं, "नारळी पौर्णिमा होवंदे." पौर्णिमेला त्याने बंदरावर नारळ लढवले, दर्याला नारळ दिला आणि मग म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतंय." म्हणजे हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा त्याचा निर्णय झालेला असेल. काय होईल, मला ठाऊक नाही. हल्ली रोज सकाळी लेकच त्याला विचारते, "आज किती टोपल्या?"

मंडळी, यंदा गावी गेलात तर एवढं करा. हॉटेलात फक्त सुरमई-पापलेटचा हट्ट धरू नका. पेडवे, तारल्या मागा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी अडून बसू नका. सुकटीची चटणी आणि भात खा. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मावशीला विचारा, "रापणीचा कुठला?" आणि त्यातलाच घ्या. दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्या. आणि पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली, तर मोबाईल खिशात ठेवून दोरीला हात लावा. माणसं कमी पडतात.