जॉबरचा हात

लाईट गेली, गल्लीतले यंत्रमाग एकदम गप्प झाले आणि हेडफोनमधली घरघरही थांबली. सेकंडहँड घेतलेला माझा गिटार प्रोसेसर चार पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वाजवणं सुरूच होतं. कबनूरमध्ये राहून नुसता गिटारचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो बेकार होता.

तोवर सगळा दोष मी घरघरीला देत होतो. ती विजेचीच. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल पिकअप तारेबरोबर तिलाही उचलतो. गिटार घेऊन जागेवर फिरलं की ती कमीजास्त होते. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते; त्याखालचं छाटलं तरी गिटारचं फारसं काही जात नाही. म्हणून इक्यूतला, म्हणजे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करायच्या भागातला, लो कट ७५ वर लावला. ५० ची घरघर दबली. १०० आणि १५० वरची तिची पिलावळ राहिली, कारण तिथं गिटारही वाजते. तिच्यासाठी आवाज बारीक झाला की तो बंद करणारा नॉइज गेट, तोही बेताचा. नाहीतर लांबवलेला सूर मध्येच तुटतो.

पण मूळ आवाजाचं काय? मी आपला कंपनीचे प्रीसेट एकामागून एक दाबत बसायचो. दुकानात गिऱ्हाईक भुलावं असेच ते वाजतात: रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, खर्ज नि तीव्र वर, मधलं खाली. एकट्यानं ऐकायला झकास. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर त्यातलाच एक लावला, आणि की-बोर्ड, बेस नि ढोलकीत माझी गिटार गायब. लोकांना हात हलताना तेवढा दिसला असेल. गिटार गर्दीतून ऐकू येते ती मधल्या पट्ट्यामुळे, साधारण ५०० ते ३००० हर्ट्झ. नेमका तोच खाली ओढलेला.

मग रिकाम्या पॅचपासून सुरुवात केली. आधी अँप, त्यापुढं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल. थेट मिक्सरला जोडायचं तर कॅबिनेट हवंच. १२ इंची गिटार स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं सोडत नाही, आणि ती चाळण नसली की डिस्टॉर्शन माशीसारखं भणभणतं. त्यानंतर इक्यू. डिले-रिव्हर्ब शेवटी, चिमूटभर.

इक्यू लावायची रीत मिळाली शेजारच्या कारखान्यात माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांकडून, ज्यांना गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. माग खडखडायला लागला की मामा लगेच पाना काढत नाहीत. सांगाड्यावर इथं-तिथं हात टेकवत जातात. हादरा जास्त लागेल तिथला नट आवळतात. मीही एक पट्टा अरुंद केला, दहा डेसिबलनं वर चढवला आणि २०० पासून हळूहळू पुढं सरकवत नेला. ३०० पाशी गिटार बादलीत तोंड घालून बोलल्यासारखी घुमली. सापडलं! तोच पट्टा चार डेसिबलनं खाली घेतला. वाढवलं काहीच नव्हतं, तरी आवाज पुढं आला. मामांना आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ऐकवले.

"मगाशी कोंदत हुतं," एवढंच म्हणाले.

दोन गोष्टी ठेच लागून कळल्या. रात्री हळू आवाजात बसवलेला प्रीसेट स्टेजवर खर्जानं फुगतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून आपण तो नकळत वाढवून ठेवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. तेव्हा शेवटची पारख मोठ्या आवाजातच करायची. दुसरी गोष्ट, स्टोअर दाबल्याशिवाय पॅच बदलायचा नाही. तासाभराची मेहनत मी पायाच्या एका दाबात घालवली आहे.

आता माझे प्रीसेट तीनच: साधा, थोडा फाटका आणि सोलोचा. सोलोत मधला पट्टा नि आवाज जरा वर. चौथी जागा मोकळी ठेवलीय. पुढच्या गणपतीत साउंडवाला कसले स्पीकर आणेल, कुणाला ठाऊक!