फळ्यावर आजची तारीख आहे का?

बालमित्रांनो, आज एक गंमत करू या. कागद-पेन्सिल घ्या आणि 'चांदवड' हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. लिहिलंत? आता शेजारच्याच्या कागदात डोकावून पाहा. (परीक्षेत नाही हं, फक्त आत्ता!) कुणी 'वड' लिहिताना डब्ल्यू घेतला असेल, तर कुणी व्ही. इंग्रजांच्या काळातली पुस्तकं उघडली, तर तिथे तिसरंच नाव दिसेल. साहेबांनी आमच्या चांदवडचं चक्क 'चांदोर' करून टाकलं होतं! आमच्या सातमाळा डोंगरांनाही ते चांदोरचे डोंगर म्हणत.

गाव मात्र एकच. नाशिकपासून साधारण ६५ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. रेणुकादेवीचं मंदिर, डोंगरावरचा किल्ला आणि लाकडी कोरीवकामाचा होळकरांचा रंगमहाल ही आमची ओळख. होळकरांच्या काळात इथे टांकसाळही होती आणि इथला रुपया 'चांदवडी रुपया' म्हणून ओळखला जाई.

आता संगणकावर इंग्रजीत 'चांदोर' असं शोधून पाहा. संगणक तुम्हांला थेट गोव्यात नेऊन सोडेल! कारण कदंब राजांची एकेकाळची राजधानी असलेलं गोव्यातलं चांदर हे गावही इंग्रजीत तसंच लिहितात. शिवाय आमच्याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी चांदोरी नावाचं गाव आहे. ते आणखी वेगळं!

समजा, एखाद्या शाळेतल्या मुलांनी रंगमहालाची माहिती देणारी छान वेबसाईट तयार केली. नागपूरच्या एखाद्या मुलीला प्रकल्पासाठी ती माहिती हवी आहे. तिला ही वेबसाईट सापडणार कशी? आज सापडली, तरी दोन वर्षांनी सापडेल का? सापडली, तर तिच्यातली माहिती तेव्हाही खरी असेल का? या प्रश्नांवर जे काम करतात, त्याला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' असं लांबलचक नाव आहे. थोडक्यात म्हणतात एसईओ. नावाला घाबरू नका. शोधणाऱ्याला आपलं पान सापडावं आणि तिथे त्याला खरं, ताजं उत्तर मिळावं म्हणून केलेली देखभाल, एवढाच त्याचा अर्थ.

कोळी, सूची आणि क्रम

आपण गूगलवर काही शोधतो, तेव्हा ते त्याच क्षणी जगभर धावत सुटतं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही बरं का! शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात त्याचे प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक पकडून फिरत राहतात. जाळ्यावर फिरतात म्हणून त्यांना म्हणतात 'कोळी'. दुसऱ्या टप्प्यात, वाचलेल्या पानांतले शब्द एका प्रचंड सूचीत नोंदले जातात. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची सूची असते ना, अगदी तशीच. तिसरा टप्पा क्रम लावण्याचा. तुम्ही प्रश्न विचारला, की या सूचीतून पानं निवडायची आणि जे जास्त उपयोगी वाटेल ते वर ठेवायचं.

म्हणजे आपल्याला दिसतं ते कोळ्यानं शेवटची फेरी मारली तेव्हाचं चित्र! ज्या पानांवर वरचेवर काही नवं येतं, तिथे कोळी लवकर लवकर फिरकतो. वर्षानुवर्षं झोपलेल्या पानाकडे त्याची फेरी क्वचितच होते.

या यंत्रांचा इतिहासही फार जुना नाही. १९९० साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टाज यांनी 'आर्ची' हे इंटरनेटवरच्या फाईलींची नावं शोधून देणारं साधन तयार केलं. १९९४ मध्ये आलेली 'याहू' ही सुरुवातीला माणसांनी विषयवार लावलेली यादी होती. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी गूगल कंपनी काढली. एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलं आहे हे पाहून त्याचं वजन ठरवायचं, ही त्यांची युक्ती. चार जाणती माणसं ज्याचं नाव घेतात, त्याच्याकडे आपणही आधी जातो ना?

दाढी लावलेली अक्षरं

पण मराठीपुढे एक वेगळीच अडचण होती. सुरुवातीच्या कितीतरी मराठी वेबसाईटवर जे फॉन्ट वापरले जात, त्यांत मराठी असायचं ते फक्त दिसायला. संगणकाच्या पोटात साठवली जायची ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. त्यांच्यावर मराठी आकार चढवलेला असे. स्नेहसंमेलनात एखादा मुलगा दाढी लावून आजोबा होतो, तरी हजेरीपटावर नाव त्याचंच राहतं ना? तसा हा प्रकार. कोळी बिचारा हजेरीपट वाचायचा! पडद्यावर 'आई' दिसत असलं, तरी त्याच्या नोंदीत भलतंच काही पडायचं. ते पान मराठीत शोधणाऱ्याला सापडायचंच नाही.

यावर उत्तर मिळालं 'युनिकोड'मुळे. जगातल्या भाषांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी ही पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. पुढे ती हळूहळू सर्वत्र रुळली. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपल्याला सहज शोधता येतो, तो यामुळेच. ज्यांनी आपली जुनी पानं युनिकोडमध्ये आणली, ती सापडू लागली. ज्यांनी नाही आणली, त्यांचा मजकूर असून नसल्यासारखा झाला.

आजही काही ठिकाणी सूचनेच्या कागदाचा नुसता फोटो काढून वेबसाईटवर टाकतात. फोटोतली अक्षरं ओळखणं यंत्राला अवघड जातं. अंध वाचकांसाठी पान मोठ्यानं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात, तेही अशा फोटोपुढे अडतात. म्हणून सूचना अक्षरांत लिहावी आणि प्रत्येक फोटोला दोन शब्दांचं वर्णन जोडावं. 'फोटो क्रमांक २३४' यापेक्षा 'रंगमहालातला कोरीव लाकडी खांब' हे किती छान!

लोक कोणत्या नावानं हाक मारतात?

चांदवडच्या रंगमहालाचं नाव निघालं, की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांची आठवण येतेच. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी गावी झाला. हे गाव कोणत्या जिल्ह्यात? जुन्या पुस्तकांत तुम्हांला 'अहमदनगर' असं उत्तर मिळेल. २०२४ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्याआधी २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली आणि १९९५ मध्ये बॉम्बेचं मुंबई झालं.

आता वेबसाईट सांभाळणाऱ्यानं काय करायचं? फक्त जुनं नाव ठेवलं, तर माहिती शिळी. जुनं नाव पुसूनच टाकलं, तर जुन्या सवयीनं शोधणाऱ्याची चुकामूक. म्हणून नवं नाव ठळक लिहायचं आणि एकदा तरी 'पूर्वीचे अहमदनगर' असं सांगायचं. आमच्या गावाचंही तसंच. पानाचं शीर्षक नुसतं 'मुख्यपृष्ठ' न ठेवता 'चांदवडचा रंगमहाल, जिल्हा नाशिक' असं ठेवायचं आणि मजकुरात इंग्रजीतली वेगवेगळी रूपं, जुनं 'चांदोर'सुद्धा, एकदा सांगून टाकायची. मग गोव्याकडे निघालेला वाचक बरोबर चांदवडला उतरतो!

पानाचा पत्ता बदलला, तर? तुम्ही गाव बदलता, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन नव्या शाळेत जाता. पानालाही असा दाखला देता येतो. जुन्या पत्त्यावर 'आता इकडे या' अशी व्यवस्था करून ठेवली, की वाचक आणि कोळी दोघेही आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचतात. तसं केलं नाही, तर '४०४, पान सापडले नाही' अशी पाटी दिसते. ती पाहून वाचक परत फिरतो तो फिरतोच.

शिळी तारीख महागात पडते

आपल्या शाळेच्या दर्शनी भागात एक फळा असतो. त्यावर दिनांक, वार, पट, उपस्थिती आणि सुविचार. सोमवारी सकाळी त्यावर गेल्या गुरुवारची तारीख दिसली, तर पाहुण्याला काय वाटेल? तारीखच जुनी, मग उपस्थितीचा आकडा तरी आजचा कशावरून? वेबसाईटचं अगदी तसंच आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेचंच उदाहरण घ्या. २०१६-१७ च्या आधी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. २०१६-१७ मध्ये ती पाचवीला आणि आठवीला नेण्यात आली होती. आता एखाद्या पानावर 'परीक्षा अमुक इयत्तेसाठी, अर्ज अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलंय, पण वर्षाचा पत्ताच नाही. ते पान शोधयादीत वर आलं आणि एखाद्या आईनं त्यावर भरवसा ठेवला, तर? एका शिळ्या ओळीपायी लेकराची वर्षभराची मेहनत वाया जाऊ शकते. कांद्याच्या भावाचंही तेच. खाली तारीख नसलेला भाव वाचून शेतकऱ्यानं ट्रॅक्टर भरला आणि बाजारात भाव निराळाच निघाला, तर नुकसान कुणाचं?

म्हणून प्रत्येक सूचनेखाली दिवस, महिना आणि वर्ष हवंच. मुदत संपलेली सूचना 'मुदत संपली' असं लिहून बाजूला ठेवायला हवी. मात्र मजकूर तोच ठेवून वरची तारीख तेवढी बदलायची, याला देखभाल म्हणत नाहीत. फळ्यावर आजची तारीख टाकून कालचीच उपस्थिती ठेवण्यासारखं आहे ते!

चलाखी चालत नाही

काही जण म्हणतील, एवढी खटपट कशाला? 'चांदवड चांदवड चांदवड' असं शंभर वेळा लिहून टाकू! पूर्वी काही लोक खरोखर असं करत. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून ठेवत. माणसाला दिसू नयेत, पण कोळ्यानं वाचावेत. शोधयंत्रं आता अशा युक्त्या ओळखतात आणि ते पान खाली ढकलतात, नाहीतर यादीतून काढूनच टाकतात.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. २००६ च्या फेब्रुवारीत गूगलनं बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीची जर्मन वेबसाईट आपल्या यादीतून काढली होती. कोळ्याला दाखवायला शब्दांनी ठासून भरलेली पानं वेगळी आणि माणसांना दाखवायला वेगळी, असा तो प्रकार होता. कंपनीनं ती पानं हटवली, तेव्हा कुठे वेबसाईट यादीत परतली.

नियमही बदलत राहतात. २०१५ पासून मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना गूगल मोबाईलवरच्या शोधात झुकतं माप देऊ लागलं. २०१८ पासून मोबाईलवर पान किती लवकर उघडतं हेही पाहिलं जाऊ लागलं. २०२४ पासून तर काही प्रश्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं उत्तर यादीच्याही वर दिसू लागलं. पण तेही उत्तर कुणीतरी लिहिलेल्या पानांच्या आधारेच तयार होतं. आपल्या गावाची खरी माहिती आपण लिहिली नाही, तर यंत्र दुसऱ्याची ऐकीव माहिती सांगणार!

देखभालीचं वेळापत्रक

तुमच्या शाळेची वेबसाईट असेल, तर शिक्षकांच्या मदतीनं असं वेळापत्रक लावा :

दर आठवड्याला : नव्या सूचना तारखेसह लिहा. मुदत संपलेल्या सूचना बाजूला काढा.

दर महिन्याला : सगळ्या लिंक दाबून पाहा. मोबाईलवर पान उघडून पाहा. गूगलचं 'सर्च कन्सोल' हे साधन विनामूल्य आहे. लोक कोणते शब्द शोधून आपल्या पानावर आले, हे त्यात दिसतं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पानावर नाही, ते लिहून काढा.

दर वर्षी जूनमध्ये : शिक्षकांची नावं, इयत्ता, वेळा, गावांची आणि रस्त्यांची नावं तपासा. आमच्या मुंबई-आग्रा महामार्गाचा '३' हा क्रमांकसुद्धा २०१० च्या फेररचनेत बदलला, पण पुष्कळ जुन्या पानांवर तो अजून तसाच आहे!

करून पाहा

आपल्या गावाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे शोधा. पहिली पाच पानं उघडा. एका वहीत तीन रकाने आखा : काय लिहिलंय, कोणत्या तारखेला लिहिलंय, खरं आहे का? तिसऱ्या रकान्यासाठी आजी-आजोबांना, ग्रामपंचायतीत आणि आपल्या गुरुजींना विचारा. चूक सापडली, तर त्या वेबसाईटवाल्यांना नम्रपणे कळवा. विकिपीडियावर तर मोठ्यांच्या मदतीनं ती स्वतःच दुरुस्त करता येते. फक्त माहितीचा आधार द्यायला विसरू नका.

आणि पालकहो, परीक्षा असो, प्रवेश असो की बाजारभाव, यादीत सर्वांत वर आलेलं पान खरं असेलच असं नाही. वाचण्याआधी मुलांना एक सवय लावा : पान कुणी लिहिलं आणि तारीख कोणती, हे आधी पाहायचं. शिष्यवृत्तीची तारीख असेल, तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या स्वतःच्या वेबसाईटवर जाऊनच खात्री करायची.

चला तर मग मुलांनो, उघडा वही आणि आखा तीन रकाने!